आकडा पाहिलात, आता काम वाचा

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव, संचालक मंडळाचे सर्व सदस्य
आणि संशोधन मूल्यमापन समिती

सप्रेम नमस्कार.

भौतिकशास्त्र विभागातलं संशोधन केंद्र या शैक्षणिक वर्षाच्या अखेरीस बंद करायचं, तिथली उपकरणं निर्लेखित करायची (म्हणजे नोंदीतून काढून टाकायची) आणि ती खोली प्रवेश समुपदेशन कक्षाला द्यायची, असा ठराव आपण मंजूर केला आहे. ठरावाची प्रत माझ्यासमोर आहे. कारण एका ओळीत दिलंय: केंद्रप्रमुखांची ‘संशोधन निष्पत्ती व विद्वत्प्रभाव असमाधानकारक’. खाली एक तक्ता आहे. केंद्रप्रमुखांच्या, म्हणजे माझ्या सरांच्या, नावापुढे शोधनिबंधांची संख्या, सायटेशनची (इतरांनी आपल्या निबंधांत घेतलेल्या दाखल्यांची) संख्या आणि एच-इंडेक्स. शेवटचा आकडा एकअंकी आहे आणि तो लाल रंगात छापला आहे.

संस्थेचं आणि सरांचं नाव मी या पत्रात लिहीत नाही. आपल्याला ते ठाऊक आहे. बाकीच्या वाचकांना कोण हे कळण्यापेक्षा काय झालं हे कळणं जास्त गरजेचं आहे, कारण असे तक्ते आज जळगाव, धुळे, नंदुरबारच्या बऱ्याच महाविद्यालयांत तयार होत आहेत.

मी सरांची विद्यार्थिनी. रावेर तालुक्यातल्या केळी पिकवणाऱ्या घरातली. बी.एस्सी. आपल्याच महाविद्यालयात केलं, पीएच.डी.ही सरांकडेच. आज दुसऱ्या संस्थेच्या महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवते. आपल्याकडून मला काही मिळवायचं नाही आणि सरांनी मला हे लिहायला सांगितलेलं नाही. सर अणुकेंद्रीय भौतिकशास्त्राचे प्रायोगिक संशोधक आहेत. त्यांनी तीन दशकांहून अधिक काळ काय केलं हे ज्यांनी जवळून पाहिलं त्यांतली मी एक आहे. त्या कामावर ‘असमाधानकारक’ असा शिक्का बसत असताना गप्प राहणं मला शक्य नाही.

आधी आकड्याबद्दलच बोलू. आपल्या समितीने सहयोगी प्राध्यापकासाठी १२ आणि प्राध्यापकासाठी १८ अशी एच-इंडेक्सची मर्यादा ठरवली आहे. हे आकडे कुठून घेतले, हे अहवालात कुठेच लिहिलेलं नाही. १२ आणि १८ हेच आकडे होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाच्या २००५ सालच्या निबंधात आहेत. हर्श कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेत शिकवत. एच-इंडेक्सची कल्पना मांडणारा तोच निबंध. एखाद्याच्या दहा निबंधांना प्रत्येकी किमान दहा सायटेशन असतील तर त्याचा एच-इंडेक्स दहा, इतकी ती साधी आहे. १२ आणि १८ हे आकडे त्यांनी मोठ्या संशोधन विद्यापीठांमधल्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांसाठी ढोबळ अंदाज म्हणून सुचवले. तिथे शिकवण्याचा भार हलका असतो, हाताशी डझनभर संशोधक असतात, स्वतःची यंत्रशाळा असते. तोच आकडा तालुक्याच्या ठिकाणी एफ.वाय.पासून एम.एस्सी.पर्यंतचे तास, प्रॅक्टिकल, पेपर तपासणी आणि निवडणुकीची ड्यूटी सांभाळणाऱ्या शिक्षकाला लावला गेला.

त्याच निबंधात हर्श यांनी हेही लिहिलं होतं की एकच आकडा माणसाच्या कामाची फार तर ढोबळ कल्पना देऊ शकतो, आणि नोकरी कायम करायची की नाही अशा आयुष्य बदलणाऱ्या निर्णयांत तर इतर गोष्टींचाही विचार झालाच पाहिजे. पुढे २०२० मध्ये त्यांनीच पुन्हा लिहिलं की हे माप साफ फसू शकतं आणि त्याचे गंभीर दुष्परिणाम होऊ शकतात. आपल्या समितीने निबंधातले आकडे उचलले आणि ही सावधगिरीची सूचना तिथेच ठेवली.

आता काम काय होतं ते सांगते, कारण आपल्या तक्त्यात त्याला रकानाच नाही.

थोरियमपासून अणुइंधन मिळवायचं, हे आपल्या देशाच्या अणुकार्यक्रमाचं तिसऱ्या टप्प्याचं उद्दिष्ट आहे. थोरियम-२३२ ने एक न्यूट्रॉन गिळला की थोरियम-२३३ तयार होतं. ते मिनिटांच्या हिशेबात प्रोटॅक्टिनियम-२३३ मध्ये बदलतं आणि त्याचं पुढे युरेनियम-२३३ होतं. हेच इंधन. कल्पाक्कमची ‘कामिनी’ ही छोटी अणुभट्टी १९९६ पासून युरेनियम-२३३ वर चालवली गेली आहे. मोठी भट्टी आखायची तर प्रत्येक ऊर्जेच्या न्यूट्रॉनला थोरियम किती प्रमाणात गिळतं, हे नेमकं माहीत असावं लागतं. त्या प्रमाणाला क्रॉस सेक्शन म्हणतात. ते गणिताने पुरतं काढता येत नाही, प्रयोग करून मोजावंच लागतं.

सरांनी ते मोजलं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारातल्या पेलेट्रॉन या कणांना वेग देणाऱ्या यंत्रावर लिथियमच्या पातळ पत्रीवर प्रोटॉन आदळवून न्यूट्रॉन मिळवायचे आणि त्या झोतात थोरियमची पत्री ठेवायची. नंतर ती बाहेर काढून किरणं टिपणाऱ्या जर्मेनियम डिटेक्टरसमोर धरायची आणि प्रोटॅक्टिनियमची ३१२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेची गॅमा किरणं मोजत बसायचं. प्रोटॅक्टिनियमचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू विघटित व्हायला लागणारा काळ, २७ दिवसांचं, त्यामुळे मोजणी एका बैठकीत संपत नाही. शिवाय त्या यंत्रावर बसायला मिळणं हीच एक परीक्षा. प्रस्ताव लिहून समितीसमोर मांडायचा, प्रश्नांना उत्तरं द्यायची. मंजूर झाला तर आठ-आठ तासांच्या काही शिफ्ट मिळतात. त्या काळात यंत्रात बिघाड झाला आणि टाकी उघडावी लागली, तर तो बीम टाइम, म्हणजे यंत्रावर मिळालेला वेळ, गेला. पुन्हा रांगेत. दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरलाही असंच. भुसावळहून रात्रीच्या गाडीने जायचं, सलग जागून मोजणी करायची आणि परत येऊन सोमवारी सकाळचा तास घ्यायचा. सर हे रजेच्या दिवसांत करत. आपल्या कार्यालयात त्यांच्या अर्जित रजेच्या नोंदी असतील. त्या काढून पाहाव्यात.

अशा एका प्रयोगातून एक निबंध होतो, तोही बऱ्याच काळाने. पत्रीची जाडी मोजण्यातली अनिश्चितता, डिटेक्टरच्या कार्यक्षमतेतली अनिश्चितता, न्यूट्रॉनच्या संख्येतली अनिश्चितता, या सगळ्यांचा हिशेब लागल्याशिवाय सर काहीही पाठवत नसत. माझ्या प्रबंधातलं एक प्रकरण त्यांनी केवळ एवढ्यासाठी पुन्हा लिहायला लावलं होतं की पत्रीच्या जाडीतली त्रुटी मी दोन ठिकाणी वेगवेगळी धरली होती, असा त्यांना संशय आला. मी सगळी गणितं परत मांडून दाखवली, दोन्हीकडे आकडा सारखाच निघाला, तेव्हाच ते प्रकरण पुढे गेलं.

सरांच्या निबंधांतले आकडे आज एक्सफोर या आंतरराष्ट्रीय माहितीसंचात आहेत. व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या पुढाकाराने चालणारा हा संच १९७० पासून उभा राहत आला आहे आणि त्यात २० हजारांहून अधिक प्रयोगांची मोजमापं आहेत. त्यांवरून तज्ज्ञ ‘मूल्यांकित’ संच तयार करतात. अमेरिकेचा ईएनडीएफ, युरोपचा जेफ, जपानचा जेंडल. अणुभट्टी आखणारा अभियंता वापरतो हे मूल्यांकित संच आणि आपल्या अहवालात नाव देतोही त्यांचंच. मूळ मोजणी कुणी केली, त्याचं नाव त्या पानावर येत नाही. मोजणीदाराने हद्दीचा दगड रोवलेला असतो, पुढची सगळी खरेदीखतं त्या दगडाच्या आधाराने होतात आणि एकाही खतावर मोजणीदाराचं नाव नसतं. सरांच्या कामाचा उपयोग असा होतो आणि सायटेशन मोजणाऱ्या यंत्राला तो दिसत नाही. समितीने निदान एक्सफोरमध्ये सरांच्या नावाच्या नोंदी आहेत का, एवढं तरी पाहायला हवं होतं. ते सर्वांसाठी मोफत खुलं आहे.

दुसरी गोष्ट नावाची. खानदेशात पाटील, चौधरी, महाजन ही आडनावं किती आहेत, हे मी सांगायला नको. माहितीसंचातल्या यंत्राला आद्याक्षरं आणि आडनाव एवढंच कळतं. सरांचे सुरुवातीचे निबंध आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव अशा क्रमाने छापले गेले. नंतरच्या निबंधांत क्रम बदलला. त्यामुळे एका मोठ्या माहितीसंचात त्यांच्या दोन वेगळ्या नोंदी आहेत आणि आपल्या तक्त्यात त्यांतली एकच मोजली गेली आहे. तक्ता ज्या खाजगी सल्लागाराने केला, त्याने सरांना एक ईमेल केला असता तर हे दहा मिनिटांत सुटलं असतं. माझंही तेच झालंय. लग्नाआधीच्या आणि नंतरच्या नावांखाली माझं काम दोन तुकड्यांत पडून आहे. बायकांच्या बाबतीत हे किती ठिकाणी होत असेल, याचा विचार मूल्यमापन करणाऱ्यांनी करायला नको का?

तिसरं. अणुऊर्जा विभागाच्या दरवर्षीच्या अणुकेंद्रीय भौतिकशास्त्र परिसंवादात सरांनी आणि आम्ही विद्यार्थ्यांनी जे छोटे निबंध मांडले, ते आपण ‘इंडेक्स्ड नाही’, म्हणजे सायटेशन मोजणाऱ्या माहितीसंचांत नोंदलेले नाहीत, म्हणून वगळले. या क्षेत्रातला देशभरातला माणूस डिसेंबरमध्ये त्या परिसंवादाला जमतो. नवा निकाल पहिल्यांदा तिथे मांडला जातो, तिथे त्याच्यावर प्रश्न विचारले जातात. माझ्या पहिल्या सादरीकरणाला पुढच्या रांगेतून जे प्रश्न आले, त्यांनी माझा प्रबंध सुधारला. ते वगळून उरलेल्या कामाला ‘निष्पत्ती’ म्हणायचं, हे मला मान्य नाही.

आणि सहलेखकांचं काय? २०१५ मध्ये हिग्ज बोसॉन या कणाच्या वस्तुमानाबद्दल एक निबंध आला. लेखक ५,१५४. तेहेतीस पानांपैकी चोवीस पानं लेखकांच्या आणि संस्थांच्या यादीला गेली. त्यातल्या प्रत्येकाच्या एच-इंडेक्समध्ये तो निबंध पूर्ण एक म्हणून धरला जातो. थोरियमच्या पत्रीवर दोघा-तिघांनी मिळून लिहिलेला निबंधही एकच. मोठ्या प्रयोगांतल्या लोकांचा मी अनादर करत नाही, त्यांचं काम त्याच पद्धतीने होऊ शकतं. पण दोन्हींना एका काट्यावर तोलता येत नाही, हे भौतिकशास्त्राचा कोणताही माणूस पहिल्या मिनिटाला सांगेल. आपल्या समितीत भौतिकशास्त्राचा एकही माणूस नव्हता.

ज्यांच्या नावाने तो कण ओळखला जातो, त्या पीटर हिग्ज यांनी १९६४ नंतर दहापेक्षा कमी निबंध लिहिले. आजच्या काळात आपल्याला नोकरी मिळाली नसती, असं ते २०१३ मध्ये नोबेल घ्यायला जाताना सांगून गेले. आपल्याच देशातलं नाव घ्यायचं तर बिभा चौधुरी. त्यांनी देवेंद्रमोहन बोस यांच्याबरोबर दार्जिलिंगला फोटोग्राफिक प्लेट ठेवून वैश्विक किरणांतल्या मेसॉन या कणांचा माग काढला आणि १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘नेचर’मध्ये ते प्रसिद्ध केलं. युद्धामुळे चांगल्या प्लेटा मिळाल्या नाहीत, काम थांबलं. पुढे त्याच पद्धतीच्या विकासासाठी आणि मेसॉनच्या शोधांसाठी सेसिल पॉवेल यांना १९५० चं नोबेल मिळालं. बिभा चौधुरी १९९१ मध्ये वारल्या तेव्हा त्यांची फारशी कुणी दखल घेतली नाही. आकड्याचा काटा लावला असता तर त्या कुठे बसल्या असत्या?

आकड्यांमागे लागलं की काय होतं, तेही जगाने पाहिलं आहे. २०२३ या एका वर्षात जगभरात १० हजारांहून अधिक शोधनिबंध मागे घ्यावे लागले. त्यांतले बहुसंख्य एकाच प्रकाशनगृहाचे होते आणि पैसे घेऊन निबंध ‘पुरवणाऱ्या’ टोळ्यांचा त्यात हात होता. त्यावर मी जास्त लिहीत नाही. सरांनी आयुष्यात असा एकही निबंध लिहिला नाही, एवढं पुरे.

आता जे काम कुठल्याच जागतिक यादीत येणार नाही, त्याबद्दल.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला सरांनी आम्हाला सांगितलं, घरून मूठभर पोटॅश आणा. केळीला टाकतात ते म्युरेट ऑफ पोटॅश. मी वडिलांच्या गोणीतून लाल खडे एका डब्यात घेऊन गेले. सरांनी तो डबा शिशाच्या विटांच्या आत, सोडियम आयोडाइडच्या डिटेक्टरला टेकवून ठेवला आणि वरून वीट बसवली. पडद्यावर आधी नुसते विखुरलेले ठिपके होते. तासाभराने १४६० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टपाशी एक टेकडी उभी राहिली. पोटॅशियम-४०, अर्धायुष्य सुमारे १२५ कोटी वर्षं, म्हणून पृथ्वी घडली तेव्हापासूनचं अजून उरलेलं. मग सरांनी डबा काढून घेतला आणि तेवढाच वेळ रिकामी मोजणी घेतली. टेकडी बुटकी झाली, पण पूर्ण गेली नाही. कारण खोलीच्या भिंतींतही पोटॅशियम आहे, आणि आमच्या अंगातही. नंतर त्यांनी फळ्यावर एका केळ्याचा हिशेब मांडला: सेकंदाला साधारण पंधरा विघटनं. आणि लगेच विचारलं, मग केळी खाऊन हे शरीरात साठत जाईल का? नाही, कारण शरीर जादा पोटॅशियम बाहेर टाकतं. त्या संध्याकाळी मी हे घरी सांगितलं तेव्हा माझ्या वडिलांनी आयुष्यात पहिल्यांदा ‘किरणोत्सर्ग’ या विषयावर प्रश्न विचारले आणि बरेच विचारले.

तो डिटेक्टर आपल्या निर्लेखनाच्या यादीत आहे.

मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. तापमान चढलं की या डिटेक्टरच्या प्रकाशनळीचं वर्धन, म्हणजे संकेत मोठा करण्याची क्षमता, उतरतं आणि सीझियमचं ६६२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचं ओळखीचं शिखर पडद्यावर जागेवरून सरकतं. वातानुकूलन मागूनही मिळालं नाही, म्हणून सर उन्हाळ्यात मोजण्या रात्री घेत. प्रत्येक मोजणीच्या आधी आणि नंतर सीझियम लावून शिखर कुठे आहे ते वहीत लिहीत. त्या वह्या कपाटात आहेत. त्यांत किती वेळा वीज गेली आणि मोजणी पुन्हा सुरू करावी लागली, तेही लिहिलेलं आहे. त्या वह्यांचं काय करणार, हे ठरावात नाही.

याच खोलीतून आसपासच्या गावांत रेडॉनची मोजणी झाली. रेडॉन-२२२ हा जमिनीतून येणारा किरणोत्सर्गी वायू, अर्धायुष्य ३.८ दिवस. धूम्रपानाखालोखाल फुप्फुसाच्या कॅन्सरचं ते मोठं कारण मानलं जातं. आम्ही विद्यार्थी धाब्याच्या घरांत, पत्र्याच्या घरांत, सिमेंटच्या घरांत फिल्मचे छोटे तुकडे टांगायचो. तीनेक महिन्यांनी ते आणून सोडियम हायड्रॉक्साइडच्या गरम द्रावणात ठेवायचे आणि मायक्रोस्कोपखाली अल्फा कणांच्या खुणा मोजायच्या. आपला भाग दख्खनच्या काळ्या दगडाचा. ग्रॅनाइटच्या मानाने बसाल्टमध्ये युरेनियम कमीच असतं, तेव्हा काळजी वाटावी असं काही निघेल, अशी अपेक्षा नव्हती आणि तसं निघालंही नाही. काही न निघालेला निबंध कोण उद्धृत करणार? पण एका आजीने फिल्म काढायला गेल्यावर सरांचा हात धरून विचारलं होतं, “आमनं घर चांगलं शे ना?” आणि सर मोजणीच्या आधारावर ‘हो’ म्हणू शकले. पुढे कुणी या भागात काहीही उभारायचं ठरवलं, तर आधी किरणोत्सर्ग किती होता, हे सांगणारी नोंद याच वह्यांत मिळेल. हा प्रभाव नाही का?

एक गोष्ट व्यवहाराची, आणि ती गंभीर आहे. निर्लेखनाच्या यादीत ‘जुने सोर्स’ असा शब्द आहे. सोर्स म्हणजे किरणोत्सर्गी पदार्थाचे नमुने. शिकवण्याचे हे सोर्स लहान असले तरी ते भंगार नाही. अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियम त्यांना लागू आहेत आणि त्यांची विल्हेवाट ठरलेल्या मार्गानेच लावावी लागते. दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात २०१० मध्ये काय झालं, ते आपल्याला आठवत असेल. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतलं जुनं कोबाल्टचं गॅमा यंत्र लिलावात निघालं, भंगारवाल्यांनी ते फोडलं, अनेकांना किरणोत्सर्गाची बाधा झाली आणि एक माणूस गेला. ते यंत्र फार शक्तिशाली होतं, आपल्याकडे तसं काही नाही. पण सोर्सची जबाबदारी सांभाळणारा माणूस बाजूला करून खोली रिकामी करण्याची घाई मला योग्य वाटत नाही.

आपण कदाचित म्हणाल की आकडे मागणं हे वरून आलंय, संस्थेचा नाइलाज आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांनी एपीआयचे, म्हणजे शिक्षकाची कामगिरी मोजणारे, गुण आणले तेव्हा तसं म्हणता आलं असतं. पण त्यानंतर बरंच पाणी वाहून गेलं. प्रबंध सादर करण्याआधी निबंध छापलाच पाहिजे ही अट आयोगाने २०२२ मध्ये काढून टाकली. मान्यताप्राप्त नियतकालिकांची केअर यादी २०२५ मध्ये बंद केली आणि दर्जा ठरवण्याचं काम संस्थांवर सोपवलं. जगात २०१३ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने आणि २०१५ च्या लायडन जाहीरनाम्याने हेच सांगितलं: आकडे मदतीला घ्या, निवाडा तज्ज्ञांनी काम वाचून करावा. नियम आता आपल्या आड येत नाहीत. निर्णय आपला आहे.

आणि अवघड विद्येला आधार देणं आपल्या भागाला नवं नाही. चाळीसगावजवळ पाटणला शके ११२८ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने सिद्धांतशिरोमणी आणि आजोबांचे इतर ग्रंथ शिकवले जावेत म्हणून तिथे मठ काढला. निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिलं. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे, आणि पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरचा राजाचा कर मठाला दिल्याचं त्यात नोंदवलंय. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो १८६५ मध्ये अभ्यासकांसमोर आणला. गणिताचं आणि ज्योतिषाचं अवघड काम पुढच्या पिढीने वाचावं, यासाठी आठशे वर्षांपूर्वी इथल्या बाजाराने पैसा दिला. ती परंपरा सांगणारी छायाचित्रं आपल्या सभागृहात लावलेली आहेत, म्हणून आठवण दिली.

माझ्या मागण्या अशा आहेत.

ठरावाला ताबडतोब स्थगिती द्यावी. सरांनी स्वतः निवडलेले पाच निबंध बाहेरच्या तीन अणुकेंद्रीय भौतिकशास्त्रज्ञांना वाचायला द्यावेत आणि त्यांचं लेखी मत, ते काहीही असो, ठरावासोबत जाहीर करावं. ते मत प्रतिकूल आलं तर मी पुन्हा असं पत्र लिहिणार नाही.

सल्लागाराचा संपूर्ण अहवाल सरांना द्यावा. दोन नोंदींचा घोळ, वगळलेले परिसंवादातले निबंध आणि एक्सफोरमधल्या नोंदी यांबद्दल त्यांचं म्हणणं लेखी घ्यावं.

सध्या पीएच.डी. करणारे दोन विद्यार्थी याच केंद्रात, याच मार्गदर्शकाकडे काम पुरं करतील, अशी व्यवस्था करावी. त्यांतल्या एकाचा बीम टाइम मंजूर झालेला आहे. केंद्र बंद झालं तर तो वाया जाईल आणि पुन्हा मिळायला किती काळ लागेल हे कुणीच सांगू शकत नाही. दुसरा मुलगा नंदुरबार जिल्ह्यातल्या आदिवासी पाड्यावरून आला आहे, शिष्यवृत्तीवर आहे आणि मार्गदर्शक बदलला तर त्याची मुदत संपेल. सर निवृत्त झाल्यावरही त्यांना मानद मार्गदर्शक म्हणून ठेवावं. मानधन ते मागणार नाहीत, हे मी खात्रीने सांगते.

उपकरणांची आणि वह्यांची यादी विभागासोबत बसून पुन्हा करावी. डेडस्टॉक रजिस्टरमधली किंमत शून्यावर आली म्हणून चालू असलेला डिटेक्टर निर्लेखित करू नये. सोर्सबद्दल नियामक मंडळाच्या नियमांनुसार काय करणार, ते लेखी कळवावं. वह्या स्कॅन करून ग्रंथालयात ठेवाव्यात. हे काम आम्ही माजी विद्यार्थी स्वखर्चाने करू.

आणि यापुढे संस्थेच्या कोणत्याही महाविद्यालयात, कोणत्याही विषयाच्या शिक्षकाचं मूल्यमापन केवळ एच-इंडेक्सवर किंवा सायटेशनवर होणार नाही, मूल्यमापन समितीत त्या विषयाचा किमान एक जाणकार असेल, असा ठराव करावा.

संचालक मंडळाच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत हे पत्र घ्यावं आणि जो निर्णय होईल तो लेखी कळवावा. बैठकीत बोलावलंत तर कॉलेज सुटल्यावर कोणत्याही दिवशी यायला मी तयार आहे. निबंधांच्या प्रती, एक्सफोरमधल्या नोंदींचे क्रमांक आणि माजी विद्यार्थ्यांच्या सह्यांचं निवेदन सोबत आणेन.

आपली नम्र,
माजी विद्यार्थिनी, भौतिकशास्त्र विभाग
(सध्या भौतिकशास्त्राची सहायक प्राध्यापक, जळगाव जिल्हा)